धाग्याची पकड

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा घड उतरवला की मागे खांब उरतो. केळीचा खांब एकदाच फळतो, म्हणून घड गेल्यावर त्याला शेतात उभा ठेवण्यात अर्थ नसतो. तो कापून बांधावर टाकतात, नाहीतर बागेतच कुजू देतात. मृगबाग आणि कांदेबाग या लागवडीच्या दोन्ही हंगामांतल्या बागा संपतात, आणि ओल्या खांबांचे ढीग वाढत जातात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते फळासाठी. पण २०-२५ किलोचा घड महिनोन्महिने तोलणारी ही उभी रचना नीट पाहिली, तर तिच्यात लाकूड अजिबात नसते. एकात एक गुंडाळलेली सोपटे, त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, आणि त्या सोपटांतून उभे धावणारे बारीक, लांब धागे. पाण्याच्या दाबाच्या साथीने सगळा भार पेलतात ते हे धागे.

त्यांचे दोर होतात, पिशव्या होतात, चांगला कागदही होतो. मला लिहायचे आहे ते त्यांच्या आणखी एका उपयोगाबद्दल, म्हणजे प्लॅस्टिक किंवा रेझिनमध्ये हे धागे घालून पत्रे, दरवाजे, गाडीच्या आतले भाग बनवण्याबद्दल. अशा मिश्र पदार्थांना कंपोझिट म्हणतात. बाजारात ज्याला नुसते ‘फायबर’ म्हणतात, ते काचेच्या धाग्याचे कंपोझिटच असते. काचेच्या जागी केळीचा, काथ्याचा, पऱ्हाटीचा धागा बसवावा ही कल्पना कुणालाही पटकन पटते. कचरा कमी होईल, वस्तू हलकी होईल, शेतकऱ्याला चार पैसे मिळतील. प्रत्यक्षात मात्र शेतातून आणलेला धागा तसाच रेझिनमध्ये घातला, तर बहुतेक वेळा तयार होणारा पत्रा निराशा करतो. या धाग्यावर आधी जे संस्कार करावे लागतात, त्यांवरच पुढचे सगळे अवलंबून असते.

कंपोझिटमध्ये भार कसा वाहिला जातो ते आधी पाहू. मातीत भुसा कालवून भिंत लिंपण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तत्त्व तेच आहे. माती दाब सोसते पण ताणाला तडकते. भुशाच्या काड्या तो ताण घेतात. रेझिनच्या पत्र्यावर जोर आला की तो आधी रेझिनवर येतो, तिथून धाग्याच्या पृष्ठभागावर सरकतो आणि मग धाग्यात शिरतो. म्हणजे धागा आणि रेझिन यांच्यामधली अतिशय पातळ सीमा हीच भाराची वाट. ती सीमा कच्ची असेल, तर धागा कितीही बळकट असला तरी त्याच्यापर्यंत भार पोचतच नाही. तो नुसता आत पडून राहतो.

बळ मात्र धाग्यात भरपूर आहे. वनस्पतींच्या धाग्याचा गाभा सेल्युलोजचा असतो. ग्लुकोजचे हजारो घटक एकापुढे एक जोडून झालेल्या लांब साखळ्या शेजारी-शेजारी घट्ट बसतात आणि त्यांचे स्फटिकासारखे सूक्ष्मतंतू बनतात. सेल्युलोजच्या निर्दोष स्फटिकाची ताठरता सुमारे १३८ गिगापास्कल मानतात. कंपोझिटमध्ये वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या काचेच्या धाग्याची ७०-७२. म्हणजे निसर्गाने मुळात काचेच्या जवळजवळ दुप्पट ताठर पदार्थ घडवला आहे, आणि तोही काच वितळवायला लागणारे १४०० अंशांच्या घरातले तापमान न वापरता. शिवाय काचेची घनता घनसेंटिमीटरला २.५ ग्रॅमच्या आसपास, तर या धाग्यांची १.३ ते १.५. गाडीच्या दारात किंवा बसच्या छतात हा फरक मोठा असतो.

पण शेतातला धागा म्हणजे शुद्ध स्फटिक नव्हे. सूक्ष्मतंतूंच्या भोवती हेमिसेल्युलोज, लिग्निन आणि पेक्टिन यांचे सारण असते आणि वरून मेणाचा पातळ थर. सूक्ष्मतंतू धाग्याच्या अक्षाला किती तिरके आहेत यावरही बरेच ठरते. केळीच्या धाग्यात हा कोन ११-१२ अंशांचा असतो, म्हणून तो ताठ आणि बळकट असतो. नारळाच्या काथ्यात तो ३० अंशांच्या वर जातो आणि लिग्निन चाळीस टक्क्यांच्या पुढे. त्यामुळे काथ्या ताणला की स्प्रिंगसारखा लांबतो, सहज तुटत नाही, पण फार भारही घेत नाही. म्हणून प्रत्येक धाग्याकडून वेगळे काम घ्यावे लागते. ‘नैसर्गिक धागा’ असा एकच पदार्थ जगात नाही, आणि एका धाग्यावर जमलेली कृती दुसऱ्यावर डोळे झाकून वापरली की फसगत होते.

आता अडचणीच्या मुळाशी जाऊ. सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात, आणि या गटांना पाण्याची ओढ असते. हेमिसेल्युलोजला ती आणखी जास्त. म्हणून कोरडा दिसणारा धागाही हवेतून ओल घेतो. दमट हवेत त्याच्या वजनाचा दहावा भाग पाणी असू शकते. याउलट पॉलिप्रॉपिलीनसारखे प्लॅस्टिक पाण्याला जवळ करत नाही, आणि पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी रेझिनचीही धाग्याशी आपणहून घट्ट गाठ पडत नाही. त्यात धाग्यावर मेण. तेलकट ताटावर चिकटपट्टी लावून पाहावी, तसा हा प्रकार होतो. पट्टी बसल्यासारखी दिसते, पण कोपरा धरून ओढली की अलगद सुटते.

हे सुटणे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. प्रक्रिया न केलेल्या धाग्याचा पत्रा मोडून त्याची मोडलेली कड पाहिली, तर धागे लांबच लांब बाहेर आलेले असतात, त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि रेझिनमध्ये त्यांच्या आकाराची स्वच्छ, गोल भोके. धागा तुटलेलाच नसतो. तो नुसता निसटलेला असतो. चांगल्या प्रक्रियेनंतरच्या कडेवर धागा रेझिनच्या पातळीलाच तुटलेला दिसतो आणि त्याला रेझिनचे कपचे चिकटलेले असतात. सगळ्या रसायनशास्त्राचा खटाटोप पहिल्या चित्रातून दुसऱ्या चित्राकडे जाण्यासाठी आहे.

त्यातला सर्वांत जुना आणि आजही सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे कॉस्टिक सोडा. इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये जॉन मर्सर नावाचा कापडछपाई करणारा, स्वतःच शिकून झालेला रसायनतज्ज्ञ होता. १८४४ साली तो कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण सुती कापडातून गाळत असताना कापड जाड झाले, आक्रसले आणि काहीसे पारदर्शक बनले. असे कापड जास्त बळकट होते आणि रंगही चांगला पकडते, हे त्याच्या लक्षात आले. १८५० मध्ये त्याने पेटंट घेतले, पण कापड फार आक्रसत असल्यामुळे गिरण्यांनी ते उचलले नाही. पुढे १८९०च्या सुमारास होरेस लो याने कापड ताणून धरून तीच प्रक्रिया केली आणि सुताला रेशमासारखी चकाकी आली. ‘मर्सराइज्ड’ सुताचा धंदा तिथून सुरू झाला.

कंपोझिटसाठी धाग्यावर जी सोड्याची प्रक्रिया होते तिलाही मर्सरायझेशनच म्हणतात, पण दोन्हींत फरक आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सेल्युलोजच्या स्फटिकाची मांडणी पुरती बदलायची तर द्रावण १२-१८ टक्क्यांच्या घरात लागते. केळी, ताग, घायपात यांच्या धाग्यांना प्रयोगशाळांत सहसा ५ टक्क्यांच्या आसपासचे द्रावण वापरतात, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत. एवढ्या सौम्य द्रावणात मुख्यतः सफाई होते. मेण निघते, पेक्टिन विरघळते, हेमिसेल्युलोजचा मोठा भाग आणि लिग्निनचा थोडा भाग निघून जातो. हेमिसेल्युलोज गेले की पाण्याची तहान कमी होते. सारण सैल झाले की जाड धागा बारीक तंतूंमध्ये उकलतो, रेझिनला धरायला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि तोही खरखरीत. सूक्ष्मतंतूंना थोडी मोकळीक मिळाल्याने ओढ आल्यावर ते ओढीच्या दिशेने अधिक सरळ होऊ शकतात. धाग्याचे वजन घटते, बाथमधले पाणी गडद तपकिरी होते.

थांबावे कधी, हे कळणे यातले खरे कौशल्य. द्रावण जास्त तीव्र झाले किंवा वेळ लांबला, की लिग्निन हवे त्याहून जास्त निघते. हेच लिग्निन सूक्ष्मतंतूंना एकमेकांशी बांधून ठेवत असते. मग धागा दिसायला मऊ, स्वच्छ, पण हातात घेऊन ओढला की पटकन तुटणारा. एका बाजूने सीमेवरची पकड वाढत असते, दुसऱ्या बाजूने धाग्याचे स्वतःचे बळ उतरत असते; या दोन्हींचा मेळ बसतो ती जागा प्रत्येक धाग्यासाठी, अगदी त्याच्या जातीसाठी आणि कापणीच्या वेळेसाठीही, प्रयोग करूनच शोधावी लागते. त्यानंतर धागा भरपूर पाण्याने धुवायचा, उरलेला सोडा पातळ ॲसेटिक आम्लाने मारायचा, पुन्हा धुवायचा आणि नीट वाळवायचा. वाळवण्याकडे दुर्लक्ष होते आणि तिथेच घात होतो. आत राहिलेली ओल गरम साच्यात वाफ होऊन बाहेर येते आणि पत्र्यात बुडबुडे सोडून जाते.

सोडा पृष्ठभाग साफ करतो, पण धागा आणि प्लॅस्टिक यांच्यात रासायनिक बंध घालत नाही. त्यासाठी जोडणारे रेणू लागतात. सिलेन हा त्यांतला एक. त्याचे एक टोक पाण्यात फुटून धाग्यावरच्या हायड्रॉक्सिल गटांना धरते, दुसरे टोक रेझिनमध्ये मिसळते. ते दुसरे टोक रेझिन पाहून निवडावे लागते: इपॉक्सीसाठी अमाइनचे, पॉलिएस्टरसाठी व्हिनाइलचे. काचेच्या धाग्यावरही कारखान्यात सिलेनचाच लेप असतो, म्हणून काचेची पकड चांगली असते हे आपण सहसा विसरतो. तुलना करताना तयार लेप दिलेली काच एका बाजूला आणि शेतातून आलेला उघडा धागा दुसऱ्या बाजूला, अशी लढत लावणे अन्यायाचे आहे.

पॉलिप्रॉपिलीनसाठी वेगळा मार्ग आहे, आणि माझ्या मते कारखान्याच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाचा. पॉलिप्रॉपिलीनच्याच साखळीला मॅलेइक ॲनहायड्राइडचा तुकडा जोडलेला एक पदार्थ मिळतो. तो मिश्रणात दोन ते पाच टक्के घातला, की ॲनहायड्राइडचे टोक धाग्याशी बंध करते आणि साखळी बाकीच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये गुंतून जाते. धाग्याला ओले करायला नको, धुवायला नको, सांडपाणी नाही. जे व्हायचे ते प्लॅस्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रातच होते. ॲसेटिक ॲनहायड्राइडने धाग्याचे हायड्रॉक्सिल गटच झाकून टाकायचे असाही उपाय आहे, आणि ओल रोखण्यात तो फार चांगला. लाकडावर ही प्रक्रिया नेदरलँड्समध्ये व्यापारी पातळीवर चालते. स्वस्त शेतधाग्याला तिचा खर्च झेपणे मात्र अवघड.

यात तापमानाची मर्यादा कुणालाच ओलांडता येत नाही. २०० अंश सेल्सिअसच्या वर धागा पिवळा पडू लागतो, मग करपतो. म्हणून सुमारे १६५ अंशांना वितळणारे पॉलिप्रॉपिलीन त्याला चालते. २६० अंशांना वितळणारे नायलॉन ६६ त्याच्यासाठी फार गरम.

अशा पदार्थांनी रस्त्यावर धावूनही दाखवले आहे. पूर्व जर्मनीतल्या झ्विकाऊ शहरात १९५७ ते १९९१ या काळात तीस लाखांहून जास्त ट्राबांट गाड्या बनल्या. त्यांच्या बाहेरच्या भागांचे पत्रे पोलादाचे नव्हते; सोव्हिएत संघातून आलेला कापसाचा टाकाऊ तंतू आणि फिनॉलिक रेझिन गरम साच्यात दाबून केलेल्या ड्युरोप्लास्टचे होते. इथे धाग्याला फार नटवावे लागले नाही. कापूस जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो, आणि फिनॉलिक रेझिनमध्येही हायड्रॉक्सिल गट असतात, त्यामुळे दोघांचे आपसूक जुळते. धागा बदलण्याऐवजी त्याला मानवणारे रेझिन निवडणे हाही उपचारच आहे. ड्युरोप्लास्ट गंजत नसे; पण गाड्या मोडीत निघाल्यावर तो वितळवून पुन्हा वापरता येईना, आणि त्याची विल्हेवाट ही डोकेदुखी झाली.

नंतरच्या काळात मर्सिडीझच्या ए-क्लास गाडीत स्टेपनीच्या खळग्याचे बाहेरचे आवरण अबाकाचा धागा घातलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे केले गेले. अबाका ही फिलिपाइन्समधली, आपल्या केळीची सख्खी भावकी. फोर्डने २०१० सालच्या फ्लेक्स गाडीत सामान ठेवायच्या कप्प्यांसाठी गव्हाचे काड वीस टक्के घातलेले प्लॅस्टिक वापरले. त्यामागे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे संशोधन होते. भारतात हे काम त्याहून जुने आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत के. जी. सत्यनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात काथ्या, केळी, घायपात यांच्या धाग्यांची रचना आणि बळ मोजले, पॉलिएस्टरमध्ये घालून वस्तू बनवल्या. कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठात साबू थॉमस यांच्या गटाने केळीच्या धाग्यावर आणि त्याच्या प्रक्रियांवर पुढे बरेच काम केले. जगभरचे शोधनिबंध आजही त्यांचे दाखले देतात.

आपल्या महाराष्ट्रात केळीइतकीच विचार करण्याजोगी आहे ती पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाट्या शेतात उभ्या राहतात. थोड्या सरपणाला जातात, बाकीच्या जाळतात. शेतात तशाच राहिल्या तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, म्हणून त्या काढाव्याच लागतात. मुंबईत माटुंग्याला असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, या पऱ्हाट्यांचे पार्टिकल बोर्ड करण्याची पद्धत बसवली आणि नागपूरच्या केंद्रात तिचे प्रात्यक्षिक उभे केले. पऱ्हाटीचे घटक रुंदपानी झाडांच्या लाकडाच्या जवळचे असल्याने तिला सोड्यात बुडवावे लागत नाही. तिचा उपचार बहुतांशी यांत्रिक असतो: तुकडे करणे, चाळणे, धूळ आणि गर काढणे, ओल ठरावीक ठेवणे, रेझिन फवारून गरम दाब देणे. गर काढणे उसाच्या बगॅसमध्ये तर आणखी महत्त्वाचे, कारण स्पंजासारखा गर महागडे रेझिन पिऊन टाकतो आणि बळ काहीच देत नाही. मात्र बगॅसला टाकाऊ म्हणण्याआधी थांबायला हवे. आपल्या साखर कारखान्यांत ते बॉयलरमध्ये जाते, वाफ आणि वीज देते. जे जळून उपयोगी पडते आहे त्याला आधी त्याहून चांगले काम दाखवायला हवे.

केळीच्या खांबालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. केळी जमिनीतून पालाश भरपूर उचलते आणि कुजणारा खांब त्यातला बराचसा परत देतो. सगळे खांब उचलून कारखान्यात नेले तर शेतकऱ्याला तेवढा पालाश विकत घ्यावा लागेल. शंभर किलो ओल्या खांबातून धागा निघतो तो जेमतेम किलोभराच्या आसपास. त्यासाठी शंभर किलो ओझे दूरवर वाहणे परवडतही नाही. म्हणून सोपटे खरवडून धागा काढणारे यंत्र बागेजवळच हवे, आणि धागा सोडून उरलेला सगळा ऐवज शेतातच राहायला हवा. गुजरातेतल्या नवसारी कृषी विद्यापीठाने हे नीट ओळखले. खांबाच्या रसापासून त्यांनी ‘नोवेल’ नावाचे द्रवखत केले आणि उरलेल्या चोथ्याचे गांडूळखत. धागा, रस आणि चोथा या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडला तरच हा व्यवसाय उभा राहतो, असे माझे ठाम मत आहे.

खांब कापल्यावर दिरंगाई झाली की चिकाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन धागा काळवंडतो आणि कुजायला लागतो. सोड्याच्या बाथमध्ये ही चूक दुरुस्त होत नाही. धाग्यावरचा पहिला उपचार शेतातच होतो: ताबडतोब काढणे, स्वच्छ पाण्यात खळबळणे, सावलीत वाळवणे. शिवाय ते तपकिरी सोडा-पाणी कुठे सोडायचे, याचे उत्तर आधी नसेल तर प्रकल्प सुरूच करू नये. कचरा वाचवायच्या नादात नाला नासवणे मला मान्य नाही. पेक्टिन खाणारी विकरे, वाफेचा दाब, सोड्याचे द्रावण पुन्हा-पुन्हा वापरणे हे मार्ग खुले आहेत. मॅलेइकवाल्या पॉलिप्रॉपिलीनचा मार्ग तर बिनपाण्याचाच. आणि असा पत्रा मातीत विरघळेल असे सांगून विकणे खोटे आहे. धागा कुजेल, पॉलिएस्टर कुजणार नाही.

वस्तू निवडतानाही तारतम्य हवे. दारांची आतली पटले, छताखालचे तक्ते, फर्निचर, गाडीचे आतले भाग, पॅकिंगच्या पेट्या इथे हा धागा शोभतो. सतत पावसात भिजणाऱ्या किंवा मोठा भार घेणाऱ्या जागी काच अजूनही सरस आहे. विकत घेणाऱ्याने एक साधी चाचणी मागावी. तुकड्याचे वजन करायचे, तो २४ तास पाण्यात बुडवायचा, पुसून पुन्हा वजन करायचे आणि जाडीही मोजायची. वाढ जितकी कमी, तितका धाग्यावरचा उपचार नीट झालेला. हा तुकडा पत्र्यातून कापलेला असावा, कारण कापलेल्या कडेवर धाग्यांची टोके उघडी पडतात आणि पाणी तिथूनच आत शिरते. त्याच कारणाने बसवताना छिद्र पाडले किंवा कड कापली, तर त्या जागेवर रेझिनचा हात फिरवूनच पत्रा बसवावा.